उत्प्रेरकाचे कोरडे वाटण

एम.एस्सी.ला असताना आमच्या गटाला कॉपर ऑक्साईडचा उत्प्रेरक तयार करायचा होता. कॉपर नायट्रेटचे निळे द्रावण, त्यात थेंब थेंब सोडायचे सोडियम कार्बोनेट आणि तळाशी बसत जाणारा हिरवट निळा साका. इथवर काम तासाभराचे. खरे काम पुढे असायचे, साका धुण्याचे. बुखनर फनेलवर पाणी ओतायचे, खाली गळालेले थोडे पाणी परीक्षानळीत घ्यायचे, त्यात फेरस सल्फेट घालायचे, नळीच्या कडेने सल्फ्युरिक आम्ल हळूच सोडायचे आणि दोन थरांच्या सीमेवर तपकिरी वलय उमटते का ते बघायचे. वलय उमटले म्हणजे नायट्रेट अजून शिल्लक आहे, पुन्हा धुवा. त्या मूठभर साक्याने संध्याकाळपर्यंत दोन बादल्या पाणी घेतले. ते सगळे बेसिनमधून खाली गेले. पुढे कुठे गेले, हे आमच्यापैकी कुणी विचारले नाही, मीही नाही. आणि आम्ही राहत होतो कोल्हापुरात, जिथे गटारात गेलेल्या पाण्याची वाट शेवटी पंचगंगेकडेच वळते.

हिशेब मी बऱ्याच वर्षांनी मांडला. या रीतीने एक किलो कॉपर ऑक्साईड केले, तर धुण्याच्या पाण्यात सुमारे २.१ किलो सोडियम नायट्रेट उतरते. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, समीकरणच तसे आहे. जे हवे त्याच्या दुपटीहून जास्त क्षार पाण्यात. शिवाय साक्यात अडकून राहिलेले नायट्रेट भट्टीत नायट्रोजन ऑक्साईडचा धूर होऊन बाहेर पडते. आम्ही मात्र वहीत लिहिले होते, 'पर्यावरणपूरक ऑक्सिडीकरणासाठी उत्प्रेरक'.

ऑक्सिडीकरण ही रासायनिक उद्योगाची मोठी गरज आहे. सल्फर डायऑक्साईडचे ट्रायऑक्साईड करून सल्फ्युरिक आम्ल बनते, ते व्हॅनेडियम पेंटॉक्साईडवर. अमोनियापासून नायट्रिक आम्ल बनते, ते प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तापलेल्या जाळीवर. मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाईड चांदीवर किंवा लोह-मॉलिब्डेनमच्या ऑक्साईडवर होते, इथिलीनचे इथिलीन ऑक्साईड चांदीवर, ब्युटेनचे मॅलेइक ॲनहायड्राईड व्हॅनेडियम-फॉस्फरसच्या ऑक्साईडवर. प्लास्टिकच्या बाटलीपासून शेतातल्या खतापर्यंत यातली कुठली ना कुठली पायरी आहेच. जिथे उत्प्रेरक वापरत नाहीत, तिथे अजूनही डायक्रोमेट किंवा परमँगनेट ओतून काम भागवले जाते आणि मागे क्रोमियमचा किंवा मँगनीजचा गाळ उरतो. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये एक साधे माप रूढ केले: एक किलो मालामागे कचरा किती किलो? मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या रसायनांत हा आकडा १ ते ५ च्या आत राहतो, थोड्या प्रमाणात बनणाऱ्या शुद्ध (फाइन) रसायनांत ५ ते ५० आणि औषधांत २५ ते १०० किंवा त्याहून वर. हे माप लावले की डायक्रोमेट सोडून हवा आणि उत्प्रेरक वापरणे सरळच हितावह ठरते. पण त्या हिशेबात उत्प्रेरक स्वतः कसा जन्माला आला, हे बहुधा धरलेलेच नसते. या आढाव्यात माझे लक्ष तिथे आहे.

आज बहुतेक धातू-उत्प्रेरक ओल्या वाटेने होतात. धातूचे नायट्रेट पाण्यात विरघळवा, साका पाडा किंवा आधारद्रव्यावर मुरवा, धुवा, वाळवा, भाजा. दुसरी वाट कोरडी आहे. धातूची पूड किंवा ऑक्साईड आणि आधारद्रव्य एका भांड्यात घालून कठीण गोळ्यांबरोबर घुसळायचे, म्हणजे बॉल मिल. रासायनिक बदल घडतो तो उष्णतेने किंवा विद्रावकाने नव्हे, आघाताने आणि घर्षणाने. या शास्त्राला यांत्रिक रसायन म्हणतात.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. रसशास्त्रातली कज्जली म्हणजे पारा आणि गंधक खलात एकत्र घोटत राहणे. सुरुवातीला पाऱ्याचे चकाकणारे थेंब पिवळ्या गंधकात पळत असतात. घोटता घोटता चकाकी मरते, पिवळेपणा जातो आणि काजळासारखी काळी पूड उरते. अग्नी नाही, पाणी नाही, केवळ खल आणि बत्ता. हा काळा मर्क्युरी सल्फाईड आहे, आणि दोन मूलद्रव्यांचे संयुग निव्वळ घोटून झाले आहे. पारा विषारी, तेव्हा औषध म्हणून त्याची बाजू घेण्याचा इथे हेतू नाही. पण भस्मे करणाऱ्या त्या वैद्यांच्या कसोट्या बघण्यासारख्या आहेत. भस्म बोटाच्या रेषांत शिरून बसले पाहिजे, म्हणजे रेखापूर्ण. स्थिर पाण्यावर टाकले तर तरंगले पाहिजे, म्हणजे वारितर. सूक्ष्मदर्शक नसताना कणाचा आकार मोजायची ती रीत होती. आज आम्ही तेच काम क्ष-किरण आणि वायुशोषणाच्या यंत्रावर करतो.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने हिंगूळ तांब्याच्या खलात तांब्याच्याच बत्त्याने व्हिनेगरबरोबर घोटून पारा मिळवल्याचे नोंदले आहे. मायकेल फॅरेडे यांनी १८२० मध्ये सिल्व्हर क्लोराईड जस्ताबरोबर खलून चांदी मोकळी केली. मात्र शास्त्राला खरे वळण दिले ते फिलाडेल्फियाच्या कॅरी ली यांनी, १८९२ ते १८९४ च्या प्रयोगांत. सिल्व्हर क्लोराईड तापवले तर ते वितळते, फुटत नाही. मर्क्युरिक क्लोराईड तापवले तर त्याची वाफ होते. पण हीच संयुगे खलात जोर लावून घोटली तर ती विघटित होतात. घोटताना ऊब येते म्हणून रसायन घडते, ही समजूत त्यामुळे मोडली. आघाताची ऊर्जा उष्णतेहून वेगळ्या दाराने आत शिरते. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी उष्णता, वीज आणि प्रकाश यांच्या रसायनाशेजारी यांत्रिक रसायनाला स्वतंत्र नाव आणि जागा दिली. १९०९ चा नोबेल पुरस्कार त्यांना उत्प्रेरणावरच्या कामासाठी मिळाला आणि अमोनियाच्या ऑक्सिडीकरणाची पद्धतही त्यांचीच. उत्प्रेरक, ऑक्सिडीकरण आणि घोटणे हे तिन्ही धागे एकाच माणसाच्या हातात होते, तरी ते एकत्र विणले जायला पुढे शंभर वर्षे लागली.

मिलच्या आत काय होते? गोळा आदळतो त्या ठिकाणी, त्या क्षणापुरता, दोन कण एकमेकांत दाबले जातात. स्फटिकाची ओळ मोडते, ताजे, उघडे पृष्ठ तयार होते, अणूंच्या रांगेत दोष पडतात. उत्प्रेरकात हे दोष म्हणजेच कामाच्या जागा. भट्टीत १००० अंशांवर तासन् तास भाजलेला ऑक्साईड नीटनेटका आणि सुस्त होतो. घुसळलेला ऑक्साईड विस्कटलेला आणि म्हणूनच चपळ राहतो. कधी कधी आत विद्रावकाचे चार थेंब टाकतात. पाट्यावर वाटण वाटणाऱ्या कुणालाही याचे कारण सांगावे लागणार नाही. सुके खोबरे नुसते वाटले की उडते आणि चिकटते. पाण्याचा एक हबका मारला की वरवंटा सरकू लागतो आणि वाटण एकजीव होते. थेंबभर द्रव पुरतो, बादली लागत नाही.

पुरावा काय आहे? गेल्या पंधरा वर्षांतल्या कामांपैकी मला जी सर्वांत पटली ती सांगतो.

इटलीतल्या उदिने विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये पॅलेडियम धातूची पूड आणि सेरियम ऑक्साईड कोरडेच एकत्र घुसळले. पाणी नाही, नायट्रेट नाही, नंतर भाजणेही नाही. मिथेनच्या ऑक्सिडीकरणात हा उत्प्रेरक ओल्या वाटेने केलेल्यापेक्षा सरस ठरला. याचे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. पॅलेडियम सेरियम ऑक्साईडच्या पृष्ठावर नुसते बसले नव्हते, त्यात रुतले होते आणि दोघांच्या मधोमध ऑक्सिजनने जोडलेले अस्फटिकी कवच तयार झाले होते. ओल्या पद्धतीत अशी रचना मिळाली नव्हती. म्हणजे कोरडी वाट ही केवळ स्वच्छ पर्याय म्हणून स्वीकारायची नाही. ती वेगळा आणि काही वेळा अधिक चांगला पदार्थ देते. पाणी वाचवण्यासाठी कारखानदार पद्धत बदलेल, यावर माझा फारसा विश्वास नाही. उत्प्रेरक जास्त काम करतो म्हटल्यावर मात्र तो ऐकून घेईल.

लँथॅनम ऑक्साईड आणि मँगनीज ऑक्साईड घुसळून लँथॅनम मँगनाईटही केला गेला. त्याचे समीकरण लिहिताना समाधान वाटते: दोन ऑक्साईड मिळून एक ऑक्साईड, बाजूला काहीही पडत नाही. बेलफास्टच्या गटाने २०११ मध्ये सिल्व्हर ऑक्साईड आणि ॲल्युमिना विद्रावकाशिवाय घुसळून चांदीचा उत्प्रेरक केला. तो वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साईडसाठी होता आणि नेहमीपेक्षा कमी तापमानाला काम करू लागला. स्पेनमधल्या कोर्दोबात सच्छिद्र सिलिकावर लोहाचे सूक्ष्मकण कोरड्या घुसळणीने बसवून बेंझिल अल्कोहोलचे बेंझाल्डिहाईड केले गेले, हायड्रोजन पेरॉक्साईड वापरून. हीच अभिक्रिया पूर्वी क्रोमियमवर होत असे. जर्मनीत म्युल्हाईमच्या माक्स प्लांक संस्थेने २०१९ मध्ये बोहेमाईट हे खनिज साध्या तापमानाला घुसळून कोरंडम केले, ग्रॅममागे सुमारे १४० चौरस मीटर पृष्ठफळाचे. एरवी कोरंडम व्हायला हजार अंशांच्या पुढची भट्टी लागते आणि त्यात पृष्ठफळ पार आटून जाते. इथिलीन ऑक्साईडच्या कारखान्यात चांदी ज्या आधारावर बसते तो याच जातीचा ॲल्युमिना असतो.

महाराष्ट्रातले काम यात मागे नाही, फक्त ते धातूंच्या बाजूने नव्हे तर सच्छिद्र पदार्थांच्या बाजूने आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१३ मध्ये सहसंयुज सेंद्रिय जाळ्या खलबत्त्यात हाताने घोटून केल्या. या जाळ्या तोवर बंद नळीत, विद्रावकात, दिवसेंदिवस तापवून होत असत. पुण्यात दोन घन पदार्थ खलात वाटता वाटता पूड पिवळ्यावरून गडद लाल होत गेली आणि तो रंगच जाळी बनत असल्याची खूण होती. झालेला पदार्थ उकळत्या पाण्यातही टिकला. २०१७ मध्ये त्याच प्रयोगशाळेतून पुढचे पाऊल पडले: आम्लाबरोबर घटक मळायचे, थोडे पाणी घालायचे आणि कुंभार भाजतो तसे ते भाजायचे. या पद्धतीला त्यांनी टेराकोटाचेच नाव दिले, आणि मळण्यासाठी स्क्रू एक्सट्रूडरही वापरून दाखवला. अशा जाळ्या धातूच्या कणांना आधार म्हणून उपयोगी पडतात. इकडे कोल्हापुरात, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाची ओळख पातळ थर आणि फेराईट यांच्या संशोधनासाठी आहे. फेराईट करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने अगेटच्या खलात तासन् तास ऑक्साईड घोटलेले असतात. त्या घोटण्याला आजवर आपण पूर्वतयारी म्हणत आलो. कॅरी ली यांचे प्रयोग वाचल्यावर ती पूर्वतयारी म्हणवत नाही. रसायनाची सुरुवात तिथेच होते.

आता अडचणी. त्या लपवून हे शास्त्र पुढे जाणार नाही.

पहिली विजेची. प्रयोगशाळेतली प्लॅनेटरी मिल मिनिटाला काहीशे फेरे घेते आणि तिने घेतलेल्या ऊर्जेतली फार मोठी वाटणी ऊब आणि आवाजात जाते. भट्टी वाचली, पाणी वाचले, पण मिल वीस तास चालली आणि वीज कोळशाची असली, तर हिशेब उलटू शकतो. अनेक शोधनिबंध स्वतःला हरित म्हणवतात आणि मिलने किती युनिट घेतले हे लिहीत नाहीत. मला ही गंभीर उणीव वाटते. दहा मिनिटांची घुसळण आणि दहा तासांची घुसळण यांना एकाच नावाने गौरवणे चुकीचे आहे. उदिनेचे काम मला भावते त्याचे एक कारण हेच, की तिथे घुसळण सौम्य आणि थोडा वेळच होती. फार घुसळले तर कण पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि कमावलेले पृष्ठफळ हातचे जाते.

दुसरी अडचण कच्च्या मालाची. ऑक्साईड कोरडा घुसळला म्हणून नायट्रेट टळले असे म्हणताना तो ऑक्साईड बाजारात कसा आला हे विचारावे लागते. तो कुणीतरी दुसऱ्या गावात नायट्रेटपासूनच साका पाडून केला असेल, तर आपण पाणी वाचवले नाही, केवळ दुसऱ्याच्या नदीत ढकलले. म्हणून धातूची पूड किंवा खनिजातून थेट आलेला ऑक्साईड यांपासून सुरुवात करणाऱ्या कामांना मी जास्त गुण देतो.

तिसरी, प्रमाणाची. शंभर ग्रॅमची बरणी आणि टनाची मिल यांत गोळ्याचा वेग, आघाताची ताकद, आतली ऊब सगळे बदलते. यावर बेलफास्टने शोधलेली तोड आवडण्यासारखी आहे. त्यांनी २०१५ मध्ये जुळ्या स्क्रूंच्या एक्सट्रूडरमधून धातू-सेंद्रिय जाळ्या सलग काढल्या, तासाला किलोंच्या हिशेबात. एका तोंडाने पूड आत, दुसऱ्या तोंडाने पदार्थ बाहेर, शेवयांच्या सोऱ्यासारखे. प्लास्टिकच्या कारखान्यांत हे यंत्र रोजचे आहे. आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने २०१९ मध्ये रसायनातल्या दहा उगवत्या तंत्रांची पहिली यादी काढली, तिच्यात या पद्धतीला जागा मिळाली. धातूच्या कठीण ऑक्साईडांना मात्र स्क्रू पुरत नाही. त्यांना गोळेच लागतात.

आणि गोळे झिजतात. चौथी अडचण ती, पण तिच्याकडे मी शेवटी येतो.

कोल्हापुरात ब्युटेनचे किंवा इथिलीनचे मोठे कारखाने नाहीत. तरीही ऑक्सिडीकरणाची गरज इथे पावलोपावली आहे, फक्त ती माल बनवण्यापेक्षा घाण जाळण्यासाठी जास्त आहे. इचलकरंजीच्या कापड प्रोसेसमधून रंगाचे पाणी निघते. तिथल्या ओढ्याचे काळा ओढा हे नावच पुरेसे बोलते. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे मागे उरणारे सांडपाणी, तयार होतो. पंचगंगेत मळीमिश्रित पाणी उतरले आणि मासे मेले, ही बातमी इथल्या वाचकाने किती वेळा वाचली असेल! स्पेंट वॉशपासून बायोगॅस करतात तिथे इंजिनातून न जळलेला थोडा मिथेन निसटतो. उदिनेचा पॅलेडियम-सेरियम उत्प्रेरक नेमका अशा मिथेनसाठी आहे. मात्र इथल्या गॅसमध्ये गंधक असते, आणि गंधक पॅलेडियमला मारते. आधी गॅस नीट साफ झाला नाही तर इतका महागडा धातू लावण्यात अर्थ नाही. हुपरीत चांदीचे पैंजण घडवण्याची पिढ्यान् पिढ्यांची विद्या आहे, आणि अल्कोहोलची वाफ हवेबरोबर तापलेल्या चांदीवरून नेली की ॲसिटाल्डिहाईड होते. ऊस आणि चांदी एकाच जिल्ह्यात, पंचवीस-तीस किलोमीटरच्या टापूत. चांदीचा उत्प्रेरक नायट्रिक आम्लात विरघळवून करायचा म्हटला की तपकिरी धूर आलाच. घुसळून केला तर तो टळतो. ही वाट कुणीतरी चालून बघावी असे मला मनापासून वाटते.

पण सर्वांत जवळचे काम रंगाच्या पाण्याचे आहे. १८९४ मध्ये फेंटन यांनी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साईड यांची जोडी दाखवली. ती सेंद्रिय रंग तोडते. तिचा दोष असा की विरघळलेले लोह नंतर गाळ होऊन बसते आणि तो गाळ उचलायचा प्रश्न उरतो. लोह घन रूपात बांधून ठेवले, म्हणजे तांब्याच्या फेराईटमध्ये, तर गाळ कमी होतो आणि पूड चुंबकाने परत गोळा करता येते. फेराईट घुसळून करता येतो. आणि इथे गोळ्यांची झीज वेगळी दिसू लागते. पॅलेडियमच्या उत्प्रेरकात पोलादाच्या गोळ्यांचे लोह शिरणे म्हणजे भेसळ. लोहाच्या उत्प्रेरकात लोह शिरले तर ते घरचेच आहे. अगदी बिनधोक नाही, कारण झिजून आलेले लोह धातुरूप असते आणि ते कॉपर ऑक्साईडमधला ऑक्सिजन काढून घेते, म्हणून प्रमाण बघावे लागते. खरी भीती क्रोमियमची आहे. दळणाचे चांगले गोळे कठीण राहावेत म्हणून त्यांत क्रोमियम घालतात, आणि नदीच्या पाण्यासाठी करायच्या उत्प्रेरकात क्रोमियम नको.

शिरोलीच्या एमआयडीसीत माझा एक फौंड्रीवाला मित्र आहे. त्याच्या आजोबांनी शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिनाचे सुटे भाग ओतले, तो आता ट्रॅक्टरचे ओततो. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो आणि बिनक्रोमचे, चिल देऊन कडक केलेल्या पांढऱ्या बिडाचे, वीस मिलिमीटरचे गोळे ओतून देशील का म्हणून विचारले. त्याने आधी कपोला भट्टीशेजारच्या माणसाला काहीतरी सांगितले, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "क्रोम नको म्हणतोस, मग गोळा टिकायला पाहिजे किती तास?"

मी म्हटले, एका खेपेला दोन तास, अशा पन्नास खेपा. प्रत्येक खेपेआधी आणि नंतर गोळे तोलायचे, किती मिलिग्रॅम गेले ते लिहायचे, आणि मिलच्या मोटरला वेगळा मीटर लावायचा.

त्याने टेबलावरचा एक जुना शॉट उचलून तळहातावर फिरवला. "पन्नास खेपा व्हय? दोनशे गोळे ओततो. बघूया की."